बोगद्यातली टाळी

फलाटावर मुंगीला शिरायला जागा नव्हती, आणि गंमत अशी की गाडीत चढायची घाई कुणालाच नव्हती. सगळा जमाव दोन डब्यांच्या मधल्या फटीसमोर हात जोडून उभा होता. त्या फटीत मनगटाएवढी जाड, काळी केबल लोंबत होती. केबलवर फुलं, केबलभोवती लाल दोरा, केबलखाली अगरबत्ती. एक बाई कडेवरच्या लेकराचं डोकं त्या केबलला टेकवायला बघत होती.

मी ओरडलो, "अहो बाई, वीज आहे त्यात!"

"म्हणूनच तर टेकवतेय, दादा," ती म्हणाली. "सगळ्यांना थोडीच मिळते?"

यावर काय बोलणार, कपाळ? मी गार्ड. गाडीच्या शेवटच्या डब्यात बसायचं, गाडी सुखरूप न्यायची, एवढंच मला कळतं. इतकी वर्षं लोक मला विचारायचे, गाडी कधी सुटणार? आता विचारायला लागले होते, महाराज कुठल्या डब्यात आहेत?

झालं होतं ते असं. आमच्या मार्गावर एक बोगदा आहे. आत शिरल्यावर त्याला मोठं वळण आहे, मग पुन्हा सरळ रस्ता आणि मग उजेड. वर्ष-दीड वर्षापासून गाडी त्या वळणावर आली की डब्यांतले दिवे फटकन जायचे आणि बोगदा संपायच्या आत आपोआप परत यायचे. आमच्या गाड्यांचा जनरेटर माझ्या, म्हणजे अगदी मागच्या डब्यात असतो. तिथून वीज पुढच्या डब्याला, तिथून त्याच्या पुढच्याला, अशी केबलीकेबलीने इंजिनापर्यंत जाते. एक जोड तुटला की त्याच्या पुढची सगळी गाडी काळी. डब्यांतल्या बॅटऱ्यांचं विचाराल तर त्या केव्हाच वारल्या होत्या.

बरं, नुसते दिवे जात असते तर मी म्हटलं असतं जाऊ दे. पण प्रवाशांच्या धोक्याच्या बटणाची तारही त्याच केबलीतून जाते. म्हणजे त्या वळणावर कुणी दारातून पडलं आणि दुसऱ्याने जिवाच्या आकांताने बटण दाबलं, तर ते ना ड्रायव्हरला कळणार, ना मला. मी मागे बसून घामाघूम व्हायचो तो या भीतीने. भूतबित गेलं चुलीत.

पण लोकांना भूतच हवं होतं, आणि ते पुरवायला गाठमहाराज आले. छातीपर्यंत दाढी, हातात लाल दोऱ्याचं रीळ. पहिल्यांदा ते अंधारातच प्रकटले. डब्यात किंचाळ्या चालल्या होत्या आणि एक घोगरा आवाज घुमला, "भिऊ नका! तो फक्त दुःखी आहे!" मग एक टाळी, फाट्कन. आणि दिवे लागले! जे लोक तिकीट दाखवताना माझ्याशी हुज्जत घालतात, ते सगळे क्षणात त्या माणसासमोर वाकले.

महाराजांचं तत्त्वज्ञान फार खोल होतं, म्हणजे तळाशी काही दिसायचंच नाही. "डबा हा देह," ते सांगायचे. "केबल ही नाडी. वीज हा प्राण. बोगदा खणताना एक मजूर इथे गाडला गेला. तो प्रत्येक गाडीची नाडी दाबून बघतो, माझ्यासारखी हीही मेली का? मी टाळी वाजवली की त्याला कळतं, ही जिवंत आहे. मग तो सोडतो."

"महाराज," मी एकदा विचारलं, "तो वळणावरच का दाबतो? सरळ रस्त्यावर त्याला कुणी अडवलंय?"

महाराजांनी डोळे मिटले. "ज्याचं मन वाकडं, त्याला वळणच दिसणार."

जमाव हसला. मी झेंडा गुंडाळून डब्यात जाऊन बसलो.

पुढे महाराज डेपोत येऊ लागले. गाड्या जिथे धुतात, तपासतात, जोडतात, त्या शेडमध्ये त्यांच्यासाठी खुर्ची आली, मग खुर्चीवर गादी आली. तिथे त्यांचा एक विधी असायचा. 'आधी मुक्ती, मग गाठ.' मुक्ती म्हणजे डब्याच्या हुकावर अडकवलेली केबल स्वतःच्या हाताने खाली काढायची आणि म्हणायचं, "जा बाई, मोकळी हो." गाठ म्हणजे तिच्यावर लाल दोरा बांधायचा आणि फुंकर मारायची. आणि काय सांगू, ज्या गाडीचे जोड महाराज बांधायचे, ती गाडी दिव्यांसकट बोगद्यातून बाहेर पडायची! काही दिवसांनी पुन्हा दिवे जायचे. मग महाराज म्हणायचे, "दोऱ्याची शक्ती ओसरली." पुन्हा नवा दोरा, पुन्हा नवी दक्षिणा.

मी आमच्या डेपोच्या साहेबांकडे गेलो. साहेब म्हणजे टापटिपीचा अवतार. टेबलावरची टाचणीसुद्धा काटकोनात. म्हटलं, "साहेब, हा डेपो आहे की मठ?"

"गार्डसाहेब, दिवे लागतायत ना?"

"लागतायत, पण..."

"मग झालं तर! आंबे खावेत, कोयी कशाला मोजायच्या?"

हे 'दिवे लागतायत ना' मला रात्रंदिवस छळायला लागलं, कारण ते खरं होतं. दिवे लागत होते. मी नुसतं 'थोतांड, थोतांड' म्हणून ओरडत होतो आणि दिवे माझ्या तोंडावर लागत होते.

आता यात माझ्या घराचा काय संबंध, तर डेपोत हे जोड बनवायचं काम माझ्या सुनेचं. ती इंजिनियर आहे. दोन डबे ओढून धरायचं काम लोखंडी आकडा करतो, पण डब्याडब्यांतून वीज आणि निरोप पोचवायचं काम केबल, प्लग आणि सॉकेट करतात. ती धक्के खाऊन, धूळ-पाणी सोसून टिकली पाहिजेत, हे बघणं तिच्याकडे. नेमकी ती रुजू झाली आणि त्याच सुमाराला दिवे जायला लागले. मग काय विचारता! कुणीतरी पुडी सोडली, "मॅडमचा पायगुण." महाराजांनी त्यावर शिक्का मारला, "काही पावलं नाडीला मानवत नाहीत." शेडमध्ये ती आली की फिटर लोक केबलींवर फडकी टाकू लागले.

तिनेही सुरुवातीला चूक केली, हे मी लपवणार नाही. तिचा संशय प्लगांवर होता. तिने साहेबांच्या मागे लागून एका गाडीचे सगळे प्लग नवे बसवून घेतले, आणि गाडी बोगद्यात पहिल्यासारखीच काळी झाली. त्या दिवशी शेडमध्ये जो खिदळाट झाला, तो तिने मान खाली घालून ऐकला. डेपोत गाडी सरळ रुळांवर उभी असते. तिथे कितीही तपासा, एकूण एक जोड ठणठणीत.

आणि घरी? घरी आमची ही महाराजांची पट्टशिष्या. हिने दोरा कुठे कुठे बांधला होता विचारू नका. फ्रीजला, पंख्याच्या बटणाला, माझ्या डब्याच्या पिशवीला. एकदा जेवताना ही हळूच म्हणाली, "मी तिला काही बोलत नाही हं. पण ती त्या डेपोत गेली आणि दिवे जायला लागले, एवढं तर खरं ना?"

"माझे गुडघे दुखायला लागले तेही ती लग्न होऊन आल्यावरच," मी म्हटलं.

"तेही मी म्हणणारच होते."

आणि मागे वळून बघतो तर सून दारात उभी. हातात पाण्याचा तांब्या. तिने तो टेबलावर ठेवला आणि आत निघून गेली. माझा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, या दोघींच्या मध्ये सापडला की पेपर वाचतो. त्याने जाहिरातींचं पान उघडलं. मला त्याचाही राग आला आणि स्वतःचाही.

त्यात साहेबांनी फर्मान काढलं. येत्या रविवारी संध्याकाळी चाचणीची फेरी. मुख्य कार्यालयातले मोठे पाहुणे येणार. महाराजांच्या दोऱ्याने दिवे टिकले, तर सगळ्या गाड्यांचे जोड महाराजांच्या हवाली. सुनेने वर्षभर खपून काढलेला नव्या जोडाचा आराखडा कपाटात, आणि सून लांबच्या गोदामात, जिथे तिचं पाऊल कुठल्याही गाडीला लागणार नाही.

"जाईन मी," ती मला म्हणाली. "तिकडेच खोली घेईन. घरातले दिवे तरी शाबूत राहतील." आणि तिने खरोखरच पलंगाखालची बॅग बाहेर काढली. एवढी गुणी पोर, आणि एका दोऱ्याच्या रिळापायी घराबाहेर चालली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही माझ्या गणवेशाला इस्त्री करत होती. इस्त्रीच्या वायरलाही लाल दोरा होताच, कारण इस्त्री मधूनमधून गार पडायची. आणि वायर खिडकीच्या कडीवर अडकवलेली, कारण जमिनीवर लोळणारी वायर हिला बघवत नाही. हिने इस्त्री पँटच्या टोकापर्यंत नेली. इस्त्रीचा दिवा गेला.

"गेला बाई!" ही म्हणाली. इस्त्री मागे आणली. दिवा आला. "आला! बघा, दोरा आहे म्हणून येतो तरी."

सून चहाचा कप घेऊन तिथेच उभी होती. तिचा कप तोंडाशी जाता जाता थांबला.

"आई, परत एकदा टोकापर्यंत न्या बरं."

"का गं?"

"न्या तर."

दिवा गेला. मागे आणली, दिवा आला. सुनेने पुढे होऊन वायर कडीवरून काढली आणि जमिनीवर सोडली.

"अगं, लोळेल ती!"

"लोळू दे. आता न्या."

इस्त्री या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. दिवा हलला नाही. सुनेने मग लाल दोरा सोडून बाजूला ठेवला. "आता?" इस्त्री फिरली, दिवा तसाच. मग तिने दोरा परत बांधला, वायर परत कडीवर अडकवली. इस्त्री टोकाला पोचली आणि दिवा गेला.

"बाबा!" ती एवढ्यांदा ओरडली की माझ्या हातातला बूट पडला. "डब्याच्या केबली त्या हुकावर कधीपासून अडकवतात?"

"मागे पाहणी होती ना, तेव्हापासून. साहेबांना लोंबणाऱ्या केबली घाणेरड्या वाटल्या. म्हणाले, सगळ्या वर घ्या. प्रत्येक डब्याला हुक ठोकून घेतले."

"मला वाटलं ते हुक मुळापासूनच आहेत! पाहणी कधी होती?"

मी आठवून बघितलं आणि मला हसू फुटलं. "तू रुजू झालीस ना, त्याच आठवड्यात."

तिने टेबलावर दोन पुस्तकं एकापुढे एक ठेवली. हे दोन डबे. मग ती वळणावर असल्यासारखी तिरपी केली. आतल्या बाजूचे कोपरे जवळ आले, बाहेरच्या बाजूचे लांब गेले. आमच्या केबली बोगद्यातल्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला. वळणावर तिथलं अंतर वाढतं. केबलीला झोळ असेल तर ती तेवढी लांब होते, काही बिघडत नाही. पण हुकावर अडकवून झोळ काढून घेतला, तर ती ताणली जाते आणि प्लगला सॉकेटमधून जरासा बाहेर ओढते. वीज तुटली. वळण संपलं की ताण जातो, जाड केबल आपल्या ताठपणाने प्लगला परत आत रेटते. वीज आली. मेलेला मजूर बिचारा यात कुठेच नव्हता.

"मग महाराजांचा दोरा..." मी म्हटलं आणि थांबलो. आधी मुक्ती, मग गाठ! गुण होता तो मुक्तीचा. हुकावरून केबल काढली की काम फत्ते. दोरा नुसता मिरवत होता. आणि शक्ती ओसरायची, कारण साहेबांच्या हुकुमाप्रमाणे सफाईवाले चार दिवसांनी केबली परत हुकावर टाकायचे!

"म्हणजे त्याला माहीत आहे," सून म्हणाली. "पक्कं माहीत आहे, आणि तो सांगत नाहीये. मी आत्ताच साहेबांकडे जाते."

"जा. त्यांना सांग की दोष त्यांच्या टापटिपीचा आहे. रविवारची वाट न बघता ते तुला आजच गोदामात पोचवतील."

ती खाली बसली. विचार करून म्हणाली, "रविवारच्या गाडीला गार्ड कोण?"

"मीच."

"बोगद्यात गाडी थांबवता येते?"

"ड्रायव्हरला आधी सांगून आणि दोन्हीकडच्या स्टेशनांना कळवून येते. हवेचा ब्रेक माझ्या हाताशी असतो, त्याला वीजबीज लागत नाही."

इस्त्री हातात धरून ही एवढा वेळ आमच्याकडे बघत होती. "तुम्ही दोघं महाराजांच्या मागे लागू नका," ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. वायर तिने परत कडीवर अडकवली नाही, हे मी बघितलं.

रविवारी दुपारी महाराजांनी शेडमध्ये मुक्ती आणि गाठ आटोपली. सून हात जोडून पुढे गेली. "महाराज, माझ्या सासऱ्यांच्या डब्यालगतचा एक जोड बिनदोऱ्याचा ठेवू या? म्हणजे पाहुण्यांना फरक दिसेल."

महाराज खूश. "ठेव, पोरी. तुझी पावलं तुला दिसतील." त्या जोडाची केबल सुनेने स्वतः हुकावरून काढून मोकळी सोडली.

संध्याकाळी गाडी फलाटाला लागली. पाहुण्यांची मोटार फाटकात दिसली आणि साहेबांचं लक्ष खाली गेलं.

"हे काय? सगळ्या केबली लोंबतायत! वर घ्या, वर घ्या! पाहुणे काय म्हणतील?"

फिटर धावले. धडाधड केबली हुकांवर चढल्या. शेवटचा, सुनेचा जोड तेवढा राहिला, कारण तो फलाटाच्या टोकाला, छपराबाहेर होता, आणि पाहुणे तिथवर चालत जाणार नव्हते. आम्हाला काहीच करावं लागलं नाही. साहेबांनी आपल्या हाताने सगळं जुळवून दिलं.

महाराज मात्र दाढी सावरत धावत आले. "थांबा! मुक्ती मोडू नका! केबल मोकळी राहिली पाहिजे!"

"थोडाच वेळ, महाराज," साहेब गयावया करायला लागले. "पाहुणे गेले की सोडू."

सून मध्ये पडली. आवाज असा मधाळ, की मीच चकित झालो. "महाराज, शक्ती गाठीत आहे ना?"

"गाठीतच आहे!"

"मग गाठ तर जागच्या जागी आहे. केबल खाली असली काय, वर असली काय, शक्तीला काय फरक पडतो?"

"बरोबर आहे की!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. भक्तच होता बिचारा.

महाराजांनी एकदा हुकाकडे बघितलं, एकदा गर्दीकडे. मग डोळे मिटले. "आज तो फार खवळलाय, मला जाणवतंय. दिवे जातील. पण मी टाळीने परत आणीन!" जयजयकार झाला. पळवाटा काढण्यात माणूस तरबेज होता, हे मान्य केलंच पाहिजे.

पाहुणे, साहेब आणि महाराज मधल्या डब्यात बसले. मानाच्या डब्यात जागा न मिळालेली सामान्य जनता, ही आणि सून धरून, माझ्या पुढच्याच डब्यात. तोच तो बिनदोऱ्याच्या जोडाचा डबा. मी शिट्टी दिली.

गाडी बोगद्यात शिरली. वळण लागलं. पुढची सगळी गाडी फटकन काळी झाली. फक्त एका डब्यात उजेड राहिला, ज्याला दोरा नव्हता. त्या डब्यातली माणसं चोरी पकडल्यासारखी एकमेकांकडे बघायला लागली.

आता महाराज टाळीच्या तयारीत असणार. वळण संपलं की चाकांचा आवाज बदलतो, तो पायाला कळतो, आणि टाळी त्याच्यावरच बसवलेली. मी ब्रेक ओढला.

गाडी ठरल्याप्रमाणे भर वळणात उभी राहिली. ड्रायव्हरशी वॉकीटॉकीवर बोलून मी ती पक्की उभी आहे याची खात्री केली, टॉर्च घेतली आणि पुढे निघालो. सून पुढे, आणि ही आमच्या मागे. "मला इथे एकटीला बसवू नका," म्हणून आली होती. मधल्या डब्यात मिट्ट काळोख. मी टॉर्च विझवली.

फाट्कन टाळी वाजली. काही नाही.

दुसरी वाजली. तिसरी वाजली. मग तर धडाकाच सुरू झाला. भिंतींवर आदळून आदळून प्रत्येक टाळी परत येत होती, दिवा मात्र येत नव्हता.

"महाराज, जरा जोरात," अंधारातून साहेबांचा केविलवाणा आवाज आला.

"गाडी का थांबवली? चालू करा!" महाराज ओरडले. घोगरेपणा गेला, आवाज चांगला खणखणीत झाला. "मी सांगतो चालू करा! लवकर करा! घाई करा!"

आणि आमची ही माझा दंड धरून म्हणाली, "अहो! हा आवाज... हा तर कंगवेवाला!"

"कोण?"

"लवकर करा, घाई करा, दात मोडला तर नवा घ्या! दोन डब्यांच्या मधल्या दांड्याला धरून उभा असायचा तो! मेल्या, तुझा कंगवा दुसऱ्याच दिवशी मोडला होता माझा!"

मग कुणीतरी म्हणालं, "हो की, माझाही." आणि मग डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोडक्या कंगव्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. दाढीमुळे ज्याला कुणी ओळखलं नव्हतं, त्याची ओळख अंधाराने पटवली. इतकी वर्षं कंगवे विकले, पण स्वतःच्या दाढीला कधी लावला नाही.

आता सगळं लख्ख झालं. हा माणूस वर्षानुवर्षं डब्यांच्या मधल्या सज्जात उभा राहून धंदा करत होता. हुक लागल्यावर केबल वळणावर ताणली जाते आणि दिवा जातो, हे त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. आमच्या अख्ख्या डेपोला जे दिसलं नाही ते याला दिसलं! त्याने ते येऊन सांगितलं असतं, तर मी स्वतः त्याच्या गळ्यात हार घातला असता. पण त्याने काय केलं? त्यावर दाढी वाढवली.

सुनेने टॉर्च लावली. "आई, इकडे या." उजेड असलेल्या डब्याच्या पुढच्या तोंडाशी, दोन डब्यांच्या मधल्या सज्जात तिने हिला मागे नेलं. हातात आपले रबरी मोजे दिले. "ही केबल बघा. कशी दिसते?"

"ताणलीय," ही म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आपल्या इस्त्रीसारखी."

"हुकावरून काढा."

"मी?"

"तुम्हीच."

हिने दोन्ही हातांनी केबल उचलली आणि हुकावरून खाली सोडली. केबल लोंबली आणि पुढचा डबा झगझगीत पेटला. लोक "आ" वासून बघत राहिले. ही पुढच्या सज्जात गेली, तिथली केबल काढली, त्याच्या पुढचा डबा लागला. मग तर हिला हुरूपच आला. पदर खोचून ही पुढे चालली आणि हिच्यामागे एकेक डबा उजळत गेला, थेट इंजिनापर्यंत.

परत आली तेव्हा डबा खच्चून भरला होता. आणि काय सांगू तुम्हाला! फलाटावरची तीच बाई, कडेवर लेकरू घेतलेली, पुढे आली आणि हिच्यासमोर वाकली. "माउली, यालाही हात लावा!" तिच्यामागे दुसरा, तिसरा. रांगच लागली हो! महाराजांच्या गादीवर बसायला नवं माणूस सापडलं होतं, आणि ते माझ्या घरातलं होतं. मी कपाळाला हात लावला.

आमची ही क्षणभर त्या वाकलेल्या डोक्यांकडे बघत राहिली. मला भीतीच वाटली, की आता ही डोळे मिटते की काय. आणि ही अशा आवाजात कडाडली, जो बत्तीस वर्षांच्या संसारात मी फक्त माझ्यासाठीच राखीव समजत होतो.

"उठा! उठा आधी! हुकावरून केबल काढली मी, पाया काय पडताय? उद्या तुमच्या पोराचा हात अडकला आणि मी सोडवला, तर देऊळ बांधाल? वायर ताणली होती, सैल केली, दिवा लागला. संपलं! आणि हे मला कुणी शिकवलं? माझ्या सुनेने. जिच्या पायगुणाने दिवे जातात म्हणून आपण सगळ्यांनी गावभर बोंब मारली, तिने." मग आवाज उतरला. "मीही मारली. ती दारात उभी होती आणि मी जेवता जेवता मारली. तिला बॅग भरायला मी लावलं."

सुनेने हिच्या हातातले मोजे काढून घेतले, आणि घेताना हात तसाच धरून ठेवला.

साहेबांनी घसा साफ केला. "पण केबली लोंबताना बऱ्या दिसत नाहीत, हो..."

मुख्य कार्यालयातल्या पाहुण्या बाई पुढे आल्या. त्या म्हणाल्या, "तुमची टापटीप तुमच्या टेबलावर ठेवा. मॅडम, यावर कायमचा उपाय?"

सुनेने तिथेच सांगितलं. केबलीला हवा तेवढा झोळ ठेवायचा आणि तो खडीला लागू नये म्हणून खालून हलता आधार द्यायचा. प्लग खटक्याने पक्का बसला पाहिजे, जराशा ओढीने निसटता कामा नये. आणि दुर्दैवाने डबे कधी तुटून वेगळे झालेच, तर तोच प्लग काही न फाडता सुटला पाहिजे. हे सगळं तिच्या आराखड्यात होतंच, कपाटात जायच्या वाटेवर असलेल्या. गोदामात बदली झाली ती हुकांची. महाराज पुढच्या स्टेशनावर उतरले, दोन पोलिसांच्या मध्ये बसून गेले. रीळ मागे राहिलं. आता ही त्याने उशांचे अभ्रे शिवते.

सुनेची बॅग पलंगाखाली परत गेली. इस्त्रीची वायर खुशाल जमिनीवर लोळते आणि त्यात अडखळून मी दोनदा पडलोय. ही म्हणते, बघून चाला.

तेच मी तुम्हालाही सांगतो. दिवा गेला तर घाबरायला हरकत नाही. मीही घाबरायचो. टाळीने लागला तर आनंदही माना. पण 'दिवे लागतायत ना' एवढ्यावर हात जोडून मोकळे होऊ नका. टाळी न वाजवता लागतो का बघा, दोरा सोडून लागतो का बघा, एकेक गोष्ट बदलून बघा, आमच्या घरात इस्त्रीवर बघितलं तसं. आणि तेवढंही जमत नसेल, तर निदान एक करा. दोष सापडेपर्यंत तो दारात तांब्या घेऊन उभ्या असलेल्या पोरीच्या पायांवर ढकलू नका. ती ऐकत असते.